चार फुटांचा बांबू आणि बेडूकगाडी

एक काम करा. उभे राहा आणि दोन्ही हात बाजूला पसरा. आता असं समजा, की तुम्ही रानातल्या पाऊलवाटेवर आहात. उजव्या तळव्याला मोहाच्या झाडाची खरबरीत साल लागते आहे आणि डाव्या तळव्याला दुसऱ्या मोहाची. दोन्ही झाडं इतकी जुनी, की तुमच्यासारख्या दोघांनी मिळूनही एकाला कवेत घेता येणार नाही. उजवीकडच्या झाडाला लागून नाला खाली उतरतो. डावीकडच्या झाडाला खेटून काळा खडक उभा आहे. पुढे जायचं असेल तर या दोन झाडांच्या मधूनच जायचं. दुसरी वाटच नाही.

हात जरा वाकवावे लागले ना? जागा तशी कमीच आहे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी अकरा वर्षांची रुचिता अगदी तिथेच, तशीच उभी होती. तिच्या हातात ओला, हिरवा बांबू होता आणि पूर्णिमाआत्या कोयती घेऊन शेजारी थांबली होती.

"दोन्हीकडे टेकला का?" आत्याने विचारलं.

"टेकला. इथे खूण करा."

आत्याने खुणेवर बांबू कापला. आता तो दोन मोहांच्या मधे बरोबर बसत होता, ना सैल ना घट्ट. टेपने मोजला तेव्हा भरला चार फूट. रुचिताने त्याच्या एका टोकाला लाल फडकं बांधलं. हे सगळं तिला आबांनी बजावून पाठवलं होतं.

आबा म्हणजे धर्मपाल, रुचिताचे आजोबा आणि पूर्णिमाआत्याचे वडील. छत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेत मालगाडीचे डबे तपासले. हातोडीने चाकावर टक् करायचं आणि आवाज ऐकून सांगायचं, चाक धड आहे की तडकलेलं. निवृत्त झाल्यावर ते रायपूरहून अभनपूरच्या पुढे आत्याच्या शेतावर जायला लागले. तिथे शेताच्या मागच्या रानात त्यांनी मुलांसाठी एक वाट तयार केली. दर रविवारी गावातली आणि रायपूरची आठ-दहा पोरं जमायची. आबा पुढे आणि पोरं मागे. कुठलं पान कुणी खाल्लं, कुठल्या बिळात कोण राहतं, असं बघत बघत दोन किलोमीटर चालायचं. वाट संपायची ती एका मोठ्या दगडापाशी. त्या दगडावर आबांनी हातोडी मारली, की तो घंटेसारखा वाजायचा. दगड! मुलांचा आधी विश्वासच बसायचा नाही.

पण मागच्या वर्षी आबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर थोडं चाला, बसून हळू गाडी चालवा, पण मुळं आणि दगडांवरून पायी जायचं नाही. चौदा महिने झाले होते. रविवारी पोरं यायची, आत्या त्यांना घेऊन जायची आणि आबा शेतातल्या खाटेवर बसून राहायचे. पोरं परत आली की विचारायचे, "वाजला का रे दगड?" पोरं म्हणायची, "वाजला, पण तुमच्यासारखा नाही."

म्हणून आत्याने ठरवलं, की एटीव्ही घ्यायची. तुम्ही पाहिली असेल ही गाडी. मोटारसायकलसारखं हॅंडल, स्कूटरसारखी सीट आणि चार जाडजूड, मऊ चाकं. ती रस्त्यावर न्यायची नसते, रानात आणि शेतातच चालवायची. रोपं आणि पाण्याचे कॅन न्यायला आत्यालाही तिचा उपयोग होता. रुचिताच्या आजींनी, कलावतीबाईंनी, मोबाइलवर तिचा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "हे तं बसलेलं बेडूक दिसून राहिलं." तेव्हापासून घरात तिचं नाव बेडूकगाडी पडलं.

"डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दगड मीच वाजवतो," आबांनी सांगून टाकलं होतं. "आन् रुचिताले मागं बसवून नेतो."

ते दुसरं वाक्य रुचिताने मनात घट्ट धरून ठेवलं होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी तिघं रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या घरून निघाली. आबांनी स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता, केस पाण्याने बसवले होते.

दारातून आजी म्हणाल्या, "गाडी पाहाले चालले का नवरी पाहाले?"

"नवरी तं एकदाच पाह्यली," आबा म्हणाले. "तिनं चाळीस वर्षं मले पाहून घेतलं."

गल्लीत दोन्हीकडे स्कूटर लावलेल्या होत्या. आत्याची जीप मधून मुंगीच्या पावलांनी निघाली. आबा खिडकीतून डोकं काढून सांगत होते, "चल, चल, अजून एक वीत आहे... आता चार बोटं... चल." मोजायची सवय त्यांची काही सुटली नव्हती. जीपमध्ये मागच्या काचेपासून पुढच्या सीटपर्यंत बांबू आडवा ठेवलेला होता आणि त्याचं लाल फडकं रुचिताच्या गालाला गुदगुल्या करत होतं.

"आबा, टेप आहे ना, मग बांबू कशाला?"

"आकडा तोंडातल्या तोंडात बदलते बेटा. कोणी चार म्हणते, ऐकणारा साडेचार ऐकते. बांबू नेला, ठेवला, पाह्यला. खतम."

शहराच्या टोकाला, भनपुरीत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रकच ट्रक. टायरची दुकानं, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि सगळ्यावर बारीक धूळ. त्यातच एका मोठ्या आवारात जुन्या एटीव्ही विकायला ठेवलेल्या होत्या. आवार सांभाळणारा तरुण होता संघर्ष. त्याला मराठी पूर्ण कळायचं, पण तोंडातून हिंदीच निघायची.

"आइए काका, आइए! आज तो सब धो के रखी है."

ओळीने गाड्या उभ्या होत्या. टोकाला लहान मुलांच्या छोट्या गाड्या.

"ह्या नाही," आबा म्हणाले. "ह्या अंगणात फिरवाच्या. दगडावर चढल्या तं पोट टेकवून बसतीन."

मग मधल्या आकाराच्या दोन, एक लाल आणि एक हिरवी. आणि सगळ्यात शेवटी काळी, उंच, ऐटबाज, मोठ्ठी. तिला मागे वेगळी सीट होती, पाठ टेकायला गादी होती, दोन्ही बाजूंना धरायला दांडे होते, पाय ठेवायला पायऱ्या होत्या.

रुचिताची नजर तिथून हलेना.

"ये दीदी को पसंद आ गई," संघर्ष हसला. "काका, मक्खन है मक्खन. हॅंडल एक उंगली से घूमता है. दो लोग आराम से."

आत्याने विचारलं, "बाबा, ही जरा मोठी नाही होत का? आपल्याले मधलीच पाह्याची होती."

आबांना गुडघ्यामुळे खाली बसता येत नव्हतं. त्यांनी एक स्टूल मागवलं, त्यावर ते बसले आणि टेप संघर्षच्या हातात दिला. "पुढच्या चाकांचं माप घे. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. टेप ताणून धर, लोंबू नको देऊ."

संघर्ष गाडीखाली वाकला. "दो फुट पाच इंच, काका."

आबांचा चेहरा उजळला. "दोन फूट पाच! आन् आपलं दोन मोहांचं फाटक चार फुटाचं. अरे, ही तं नाचत जाते! पूर्णिमा, उगाच घाबरून राहिली तू."

"मग झालं!" आत्यालाही बरं वाटलं. आबांच्या मापावर तिचा काय, सगळ्या रेल्वेचा विश्वास होता.

आबा वळून रुचिताला म्हणाले, "काय पोट्टे, बसतं का मागं?"

रुचिता टुणकन चढली. सीट मऊ होती. पायऱ्यांवर पाय नेमके पोचत होते. तिथून आबांची पाठ कशी दिसेल, हे तिला आत्ताच दिसायला लागलं. वाट, पुढे आबा, मागे ती, आणि पोरं सगळी बघताहेत.

आणि मग तिने सहज खाली पाहिलं.

खाली टायर होतं. चांगलं जाड. तिने हात लांब करून त्याच्या रुंदीवर वीत ठेवली. एक वीत भरली, वर अर्धी वीत उरली. तिने पलीकडच्या टायरकडे पाहिलं. तेही तेवढंच. आबांनी मोजलं होतं ते दोन टायरांच्या मधलं अंतर. आणि टायर? टायर काय घरी ठेवून जायची?

रुचिता सीटवरच बसून राहिली. मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? बोललं, तर आबा सगळ्यांसमोर चुकलेले दिसणार. ते आबा, ज्यांच्या एका टक् वर अख्खी मालगाडी थांबायची. आणि ही सीट जाणार ती वेगळीच. कारण मधल्या दोन्ही गाड्यांना सीट एकेकच होती. नाही बोललं, तर गाडी शेतावर येईल, पोरं जमतील, आणि आबा दोन मोहांपाशी जाऊन अडकतील. दगडापासून शंभर पावलांवर.

आत्या कागदपत्रांचं विचारायला लागली होती. रुचिता सीटवरून उतरली. उतरताना तिने धरायच्या दांड्यावरून एकदा हात फिरवला.

आवाराच्या कोपऱ्यात तेलाची रिकामी लोखंडी पिंपं पडली होती. तिने एक पिंप तिरकं केलं आणि काठावर फिरवत फिरवत आवाराच्या मधोमध आणलं. खडखडाट ऐकून सगळे वळले.

"अरे दीदी, ये क्या कर रही हो?"

"फाटक," रुचिता म्हणाली, आणि दुसरं पिंप आणायला गेली.

मग ती जीपमधून बांबू घेऊन आली. तो दोन पिंपांच्या मधे आडवा धरला, दोन्ही टोकं टेकेपर्यंत पिंप सरकवलं आणि बांबू काढून घेतला.

"आबा, हे आपले दोन मोह. घ्यायच्या आधी एकदा इथून काढा ना."

"वा!" आबा खूश झाले. "याले म्हणतात तपासणी. आण रे संघर्ष, हेल्मेट आण."

आबा गाडीवर बसले. चढताना उजवा पाय सीटवरून पलीकडे न्यायला त्यांना जरा त्रास झाला. गाडी गुरगुरली आणि हळूहळू, अगदी चालत्या माणसाच्या वेगाने, पिंपांकडे निघाली. रुचिताने बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरला.

ढण्ण!

डावं पिंप आडवं झालं आणि गडगडत ट्रकच्या टायरांना जाऊन टेकलं. आबांनी ब्रेक दाबला. ते पिंप तेवढं थोडा वेळ गुणगुणत राहिलं.

आबांनी इंजिन बंद केलं. पिंपाकडे पाहिलं. मग वाकून चाकाकडे पाहिलं.

"संघर्ष," ते हळू आवाजात म्हणाले, "तू टेप कुठून कुठवर धरला होता?"

"आपने ही तो बोला था काका. अंदर से अंदर."

"बोललो." आबांनी हेल्मेट काढलं. "बोललो खरं मी." आणि ते हसायला लागले. आधी हळू, मग एवढ्या जोरात, की पलीकडच्या वेल्डिंगवाल्याने काम थांबवून इकडे पाहिलं. "छत्तीस वर्षं, पूर्णिमा! छत्तीस वर्षं चाकं आतून मोजली. आतल्या तोंडापासून आतल्या तोंडापर्यंत, सोळाशे मिलिमीटर. झोपेतही तसाच मोजतो मी. अन् इथं चार टायर डोळ्यासमोर, तरी दिसले नाही!"

"पण आतून काहून मोजतात?" रुचिताने विचारलं.

आबांना कुणी काहून विचारलं, की ते गाडी, घर, जेवण सगळं विसरायचे. त्यांनी तिथेच धुळीत तिच्या बांबूच्या टोकाने दोन रूळ काढले. "हे पाह्य. रेल्वेच्या चाकाले आतल्या बाजूनं एक काठ असते, थाळीच्या काठासारखा. तो रुळाच्या आतून चालते, चाकाले घसरू देत नाही. म्हणून आतलं माप बरोबर, तं गाडी बरोबर. पण झाडाले त्याचं काय? झाडाले बाहेरचं टायर लागते. झाडासाठी बाहेरूनच मोजा लागते." मग ते थांबले आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुले आधीच समजलं होतं ना?"

रुचिताने मान डोलावली.

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलले असते तर तुम्ही पुन्हा टेप मागितला असता आणि पुन्हा आतूनच मोजलं असतं."

आत्या खो खो हसली. "बरोबर ओळखलं तिनं तुम्हाले!"

आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी काळ्या गाडीच्या मागच्या गादीकडे पाहिलं. "अन् तुही सीट?"

रुचिता बुटाने धुळीतला एक रूळ पुसत म्हणाली, "गेली."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "चल, आता तू तपास. मी हमाल."

मग खरी तपासणी झाली. लाल आणि हिरवी, दोन्ही मधल्या आकाराच्या. बाहेरून मोजल्या, तर दोन्ही साडेतीन फूट. म्हणजे फाटकात दोन्हीकडे चार-चार बोटं उरणार.

"तुमची चार बोटं की माझी?"

"तुही. माह्यावाली जाड आहेत."

लाल गाडी दिसायला तरतरीत होती, पण सीट उंच होती आणि गिअर पायाने टाकायचे होते. आबांनी एकदा चढून पाहिलं. उजवा पाय पलीकडे नेताना त्यांनी ओठ दाबले. रुचिताने ते पाहिलं आणि लगेच सांगून टाकलं, "ही नाही."

"इतक्या लवकर?"

"ही घेतली तर तुम्ही एकदा चढाल आणि दुसऱ्यांदा कंटाळा कराल."

हिरवीची सीट चार बोटं खाली होती. गिअर हाताने एकदाच टाकायचा. त्यात एक खास हळू गिअर होता, चढाला आणि उताराला. आवारात मुरमाचा ढीग होता. आबा त्यावर चढले आणि उतरताना त्यांनी रेस सोडून दिली. गाडी धावली नाही. म्हातारा बैल उतरतो तशी एकेक पाऊल टाकत खाली आली. मग रुचिताने आत्याला आणि संघर्षला गाडीची मागची बाजू उचलून पाहायला लावली.

"ये क्यों, दीदी?"

"नाल्यात फसली तर तिथं तुम्ही थोडीच येणार? आत्यालाच उचलावी लागणार."

दोघांनी मिळून उचलली. उचलली गेली. शेवटी रुचिताने पिंप पुन्हा उभं केलं, बांबू लावून अंतर नीट केलं आणि आबा हिरवीवरून मधून निघून गेले. आवाज नाही, काही नाही. रुचिताने थांबलेल्या गाडीच्या दोन्ही बाजूंना बोटं घालून पाहिली. चार इकडे, चार तिकडे.

"काका, मेरी नौकरी इनको दे दो," संघर्ष म्हणाला.

"शाळा सुटल्यावर," आबा म्हणाले. "अजून भूगोल कच्चा आहे."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी नऊ पोरं आली. पिकअपमधून आणलेली हिरवी गाडी शेताच्या कडेला उभी होती आणि पोरांनी तिला घेरलं होतं. आजीही आल्या होत्या. त्यांनी गाडीला झेंडूचा हार घातला आणि म्हणाल्या, "जा बेडका, सांभाळून ने माह्या म्हाताऱ्याले."

रुचिता वीस पावलं पुढे चालत होती, खांद्यावर बांबू घेऊन. मागे गाडी फटफटत येत होती आणि गाडीच्या बरंच मागे आत्या आणि पोरं. आबा दर दहा पावलांवर थांबत होते आणि हात लांब करून काहीतरी दाखवत होते. मुंग्यांनी शिवलेलं पान, सायाळीचा पडलेला काटा. चौदा महिन्यांचं बोलणं साठलं होतं. अर्ध्या तासाची वाट, दीड तास झाला तरी संपेना, आणि कुणाला घाईही नव्हती.

दोन मोहांपाशी आबांनी गाडी थांबवली. रुचिता पलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिने हात वर केला. पोरांनी श्वास रोखला. हिरवी गाडी हळू गिअरमध्ये पुढे सरकली. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला चार बोटं. उजव्या मोहावरून एक खार घाईघाईने वर पळाली, तेवढीच काय ती गडबड.

"निघाली!" एक पोरगा ओरडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दगडाच्या सात पावलं अलीकडे गाडी थांबवावी लागली. पुढे सपाट होतं, पण पाला पडलेला होता. आत्या हात द्यायला पुढे झाली, तेव्हा आबा म्हणाले, "राहू दे, येतो मी." मग त्यांनी पाहिलं, की रुचिताने बांबू त्यांच्यासमोर उभा धरला आहे. त्यांनी तो हातात घेतला, जमिनीवर टेकवून पाहिला आणि सात पावलं चालले. एक, दोन, तीन. पोरं मनातल्या मनात मोजत होती.

दगडापाशी पोचल्यावर त्यांनी पिशवीतून जुनी हातोडी काढली. दांडा झिजून गुळगुळीत झालेला. त्यांनी ती हातात एकदा तोलली, आणि मग रुचितापुढे धरली.

"मागं बसवाचं राहिलं तुले. त्याच्या बदल्यात पहिला ठोका तुहा."

नऊच्या नऊ पोरं तिच्याकडे बघायला लागली. रुचिताने हातोडीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नाही. तुम्ही मारा. मला ऐकायचाय."

आणि तिने पाल्यात गुडघे टेकले, वेणी मागे टाकली, डोळे मिटले आणि गार दगडाला कान लावला.